शेऱ्याचा रकाना

भारतदादाने प्लॅस्टिकची पिशवी काउंटरवर ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "योगे, माझं आडनाव बदलायचंय. तूच करून दे. दुसऱ्या कुणापुढे हे बोलायची मला लाज वाटते."

शुक्रवारची सकाळ होती. सातपूर कॉलनीतल्या योगिनीच्या चिंचोळ्या दुकानात उत्पन्नाचा दाखला, आधारवरची जन्मतारीख, रेशन कार्डातलं नाव असल्या कामांची चार-पाच माणसं ताटकळली होती. राजपत्रातून नाव बदलायचे अर्ज तर तिने गेल्या दहा वर्षांत किती भरले याची गणती नव्हती. लग्न झालेल्या मुली यायच्या, नवरा सोडलेल्या बायका यायच्या, शाळेत गुरुजींनी भलतंच लिहून ठेवलेले म्हातारे यायचे. सगळ्यांना ती स्क्रीनवरून नजर न काढता एका सुरात विचारायची, जुनं नाव सांगा, नवीन नाव सांगा, कारण सांगा. आज समोर तिच्याच आईच्या पोटचा भाऊ उभा होता आणि तिला त्यातला एकही प्रश्न विचारवेना.

तिने विचारायच्या आधी तोच बोलला. "जुनं काकळीज. नवीन थेटे. भारत कारभारी थेटे."

"दादा, वडिलांचं नाव असं नाही बदलता येत. फार तर आडनाव बदलेल. भारत कोंडाजी थेटे."

तो काउंटरच्या काचेकडे बघत राहिला. "अर्धंच?" मग म्हणाला, "अर्धं तर अर्धं. लिही."

भारत मूळ नांदगावचा. त्याचे वडील कोंडाजी काकळीज विहिरीच्या खोदकामावर दरड कोसळून गेले, तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. पुढे दीडेक वर्षाने त्याच्या आईचं, सुवर्णाचं, दुसरं लग्न झालं. गिरणारे रस्त्यावर कारभारी थेट्यांचा, म्हणजे अण्णांचा, फुलांचा मळा होता, तिथे ती लेकराला कडेवर घेऊन आली. मग संतोष झाला आणि त्याच्यामागून चार वर्षांनी योगिनी. आई जाऊन आता आठ वर्षं झाली होती. सावत्र हा शब्द त्या घरात कुणी तोंडातून काढत नसे, आणि वस्तीवर सगळे भारतला थेट्यांचा थोरला म्हणूनच ओळखत. पण सातपूरच्या कारखान्यातल्या ओळखपत्रावर, बँकेत, मतदार यादीत तो काकळीज होता. ते आडनाव सांगायची वेळ आली की तो आधी घसा साफ करायचा. आत्ताही केला होता.

निमित्त त्याच्या लेकीच्या, वेदिकाच्या साखरपुड्याचं झालं. स्थळ सटाण्याचं, माणसं चांगली. पत्रिकेचा मजकूर मोबाइलवर पाठवला तर मुलाच्या वडिलांनी फोन करून विचारलं, आजोबा थेटे आणि वडील काकळीज, हे कसं काय?

"सहज विचारलं गं त्यांनी," दादा म्हणाला. "पण मला सांगता येईना. बावन्न वर्षांचा माणूस मी, लेकीच्या सासऱ्यापुढे ततपप करायला लागलो."

योगिनीने पिशवीतले कागद चाळले. आधार होतं, पॅन होतं, विजेचं बिल होतं. "शाळा सोडल्याचा दाखला?"

"वाळवीने खाल्ला. मागेच."

"मग शाळेतून दुसरी प्रत काढावी लागेल. उद्या शनिवार, सकाळची शाळा आहे. मी येते बरोबर."

"उद्या दुपारी अण्णांनी सगळ्यांना मळ्यात बोलावलंय, पत्रिकेचं ठरवायला. शाळेतून तसेच जाऊ. तिथेच सांगेन सगळ्यांना."

"संतोषभाऊला बोललास?"

दादाने पिशवी उचलली. "त्याला त्याचं नाव मिळालं तेव्हा तो कुणाला विचारायला गेला होता?"

पण अशा गोष्टी घरात दडून राहत नाहीत. दादाच्या बायकोने जावेला, मंजुषाला सांगितलं असणार, कारण संध्याकाळी योगिनी शटर ओढत होती तेवढ्यात संतोषचा फोन आला.

"तू दादाचा अर्ज भरतेस म्हणे?"

"अजून भरला नाही."

"मग थोडं लांबव. साइट बंद आहे म्हण, सर्व्हर डाऊन आहे म्हण. तुमच्याकडे असतंच की नेहमी. अण्णा ऐंशीच्या पुढे गेलेत, आता कशाला हे उकरून काढायचं?"

"तुला कशाची भीती वाटते, भाऊ?"

"भीती कसली? मला काय वाटायचंय?" तो जरा जोरातच म्हणाला. "मंजुषाच्या डोक्यात आपलं काहीतरी चाललंय मळ्याचं. तू जाणतेस तिला. बरं, बघ तू." आणि फोन ठेवला.

घरी आल्यावर ती स्वयंपाकाला लागली, पण भाजीत मीठ दोनदा पडलं. दादाला खोटं सांगायचं तिच्या जिवावर येत होतं. भाऊला नाही म्हणायचंही जिवावर येत होतं. लहानपणी एका बाजूला दादाचं बोट आणि दुसऱ्या बाजूला संतोषचं बोट धरून ती शाळेत जायची. दोघांची चाल सारखी नव्हती, त्यामुळे तिला सारखं मध्येच धावावं लागायचं. आताही तिची तीच गत झाली होती.

शनिवारी सकाळी शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी कपाट उघडून बस्त्यात बांधलेली रजिस्टरं टेबलावर घेतली. दादा खुर्चीत बसला नाही. तो ह्याच वर्गांतून शिकला होता. आता भिंतींवर रंगीत चित्रं आली होती, फरशी बदलली होती, पण खिडकीबाहेरचं निंबाचं झाड बघून त्याने योगिनीला दाखवलं, म्हणाला, "ह्याच्या खाली तुझा डबा सांडला होता." तो तेव्हा बराच मोठा झाला होता, तिला डबा द्यायला आला होता. ती हसली. त्याला बरं वाटावं म्हणून जास्तच हसली.

"वर्ष एकोणऐंशी," बाई पानांवरून बोट फिरवत म्हणाल्या. "पहिली. जून... हं. सापडलं. पण अहो, यात खाडाखोड आहे."

दोघं टेबलावर वाकली. जनरल रजिस्टरच्या त्या आडव्या, पिवळ्या पडलेल्या पानावर निळ्या शाईत टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: थेटे भारत कारभारी. त्याच्यावरून लाल शाईची सरळ रेघ ओढलेली. आणि रेघेच्या वर, बारीक अक्षरात, लालच शाईत: काकळीज भारत कोंडाजी. शेजारी सही आणि तारीख. चौदा जुलै एक्याऐंशी.

दादाने तारखेवर बोट ठेवलं.

"बघितलंस? संतोष जूनचा आहे. एक्याऐंशीच्या जूनचा. महिना नाही झाला पुरा, आणि माझ्यावर रेघ मारली."

"दादा, थांब जरा..."

"मला वाटायचं माझीच आठवण चुकत असेल. लहान होतो, काहीतरी मनाचं जोडत असेन. नाही. हे बघ, सही-तारखेसकट आहे."

तो बाहेर पडला. तिने हाक मारली तोवर पटांगणातून मोटरसायकल निघालीसुद्धा. तो मळ्यातच जाणार हे तिला कळलं. तिने पर्स उचलली, स्कूटरची चावी शोधली, आणि बाई म्हणाल्या, "अहो, पण शेरा वाचला नाही तुम्ही."

पानाच्या अगदी उजव्या टोकाला शेऱ्याचा रकाना होता. बहुतेक ओळींवर तो रिकामा होता किंवा तिथे 'नापास', 'गाव सोडले' एवढंच होतं. ह्या ओळीवर मात्र अक्षरं गर्दी करून खालच्या ओळीत उतरली होती. योगिनीने ती दोनदा वाचली. मोबाइलने फोटो घेतला. फोटो हलला म्हणून पुन्हा घेतला.

ती मळ्यात पोचली तेव्हा आवाज रस्त्यापर्यंत येत होते.

पत्र्याच्या शेडमध्ये गुलाबाच्या जुड्यांचा ढीग अर्धाच बांधून पडला होता. कारभारी अण्णा पोत्यावर बसले होते, मांडीवर फुलं, बोटांत रबर. ऐंशी ओलांडली तरी रोजच्या शंभरेक जुड्या ते स्वतः बांधत. समोर दादा उभा होता. संतोष खांबाला टेकून होता, मंजुषा पाण्याचा तांब्या हातात घेऊन मध्येच थबकलेली. वेदिका आजोबांच्या शेजारी बसली होती, बापाकडे बघत.

"एवढंच सांगा," दादा म्हणत होता, "महिनाभर तरी थांबायचं होतं. आईचा सव्वा महिना होईस्तोवर तरी."

"दादा, ओरडू नको अण्णांवर," संतोष म्हणाला.

"तू मध्ये पडू नको."

"का नको? तुला आज आडनाव पाहिजे. उद्या काय पाहिजे?"

"बोल की मोकळं," दादा त्याच्याकडे वळला. "सातबारा म्हणायचंय ना तुला? म्हण."

मंजुषाने तांब्या खाली ठेवला. "आम्ही कुठं म्हणालो? पण माणसाला विचार येतोच ना, दादा. नाव लागलं की पुढं काय काय लागतं ते आम्हाला काय ठाऊक?"

"काही लागत नाही, वहिनी," योगिनी शेडमध्ये शिरत म्हणाली. तिला धाप लागली होती. "राजपत्रात आडनाव बदललं म्हणून कुणी वारस होत नाही. दहा वर्षं हेच काम करते मी. आणि माझं आडनाव बदललं तेव्हा अशी बैठक नव्हती बसली कुणाची. लग्नात थेट्यांची योगिनी पगार झाले, एका दुपारीत. आता सगळे जरा गप्प बसा. अण्णा, मला तुम्हाला काहीतरी वाचून दाखवायचंय."

अण्णांनी तिच्या हातातला मोबाइल बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला लगेच उमगलं नाही. मागाहून तिला वाटलं, ते घाबरले होते.

तिने वाचलं. "पालक श्री. कारभारी थेटे यांचे अर्जावरून मुलाचे मूळ नाव कायम केले. मुलाची आजी नवसाबाई काकळीज, राहणार नांदगाव, समक्ष हजर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा." मग म्हणाली, "खाली अंगठा आहे, दादा. जांभळा. पुसट झालाय, पण आहे."

शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नख्यांचा आवाज ऐकू येत होता.

"कोण नवसाबाई?" संतोषने विचारलं.

"ह्याची आजी," अण्णा म्हणाले. त्यांनी मांडीवरची फुलं बाजूला केली. "कोंडाजीची आई. बस, भारत. उभ्यानं नाय सांगता यायचं मला."

दादा बसला नाही. अण्णांनी मग तसंच सांगायला सुरुवात केली.

"संतोष झाल्याचं तिला कुठून तरी कळलं. नांदगावहून पहाटंच्या गाडीनं निघाली आन् नाशकातून पायी मळ्यापर्यंत आली. एकटी. त्या बांधावर बसली, आता जिथं शेवंती हाय तिथं. तुझी आई पाणी घेऊन गेली तर तोंड फिरवलं. मी गेलो. मला म्हणली, पोरगा मला नको. त्याला आई हाय, तुम्ही हायेत, त्याचं सोनं झालं. पण माझ्या कोंड्याचं ह्या जगात काय बी ऱ्हायलं नाय. शाळेत तेवढं त्याचं नाव लावा. तुमच्या घरात आता तुमचा आलाय."

"आणि तुम्ही हो म्हणालात," दादा म्हणाला.

"म्हणलो."

"संतोष झाला म्हणून."

अण्णांनी मान वर केली. योगिनीला वाटलं, आता ते नाही म्हणतील. सगळ्यांनाच ते हवं होतं. एक नाही म्हटलं असतं तर शेडमधली हवा हलकी झाली असती.

"व्हय," अण्णा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? तू एकटा असतास तर तिला बांधावरून तशीच लावली असती वाटंला. माझ्याकडं एक आला, म्हणून मला दुसरा देता आला. आन् दिला तरी घरातून नाय दिला. फकस्त कागदावरून."

"आई काय म्हणाली?" योगिनीने विचारलं.

"दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाय. तिला भ्या वाटायचं, आज नाव मागितलं, उद्या पोरगं मागतील. तिनं मला शपथ घातली, पोराला यातलं काय बी सांगायचं नाय. ती गेल्यावर सांगावं असं लय वेळा आलं तोंडाशी. पण इतक्या वर्सांनी सुरुवात कुठून करायची?"

दादा बोलला तेव्हा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"मी तिसरीत होतो, अण्णा. गुरुजी हजेरीला काकळीज म्हणाले. तीनदा म्हणाले. मला कळेचना कुणाला हाक मारतायत. गैरहजेरी मांडली माझी, मी समोर बसलेला असताना. पोरं काकडी काकडी म्हणून मागं लागायची. घरी येऊन आईला विचारलं तर ती चुलीकडे तोंड करून बसली. पाळण्यात हा रडत होता. मी काय समजायचं? मी समजलो, आता ह्यांचं आलंय, माझं काम संपलं. चव्वेचाळीस वर्षं तेच समजून चाललो. एका म्हातारीने मागितलं, तुम्ही दिलं, आईने लपवलं. माझं नाव तुम्ही तिघांनी वाटून घेतलं. मला विचारलं कुणी?"



"पप्पा," वेदिका हळूच म्हणाली, "मी काल संध्याकाळीच सटाण्याला फोन करून सगळं सांगून टाकलंय. ते म्हणाले, एवढंच ना, मग दोन्ही नावं छापा. त्यांना काही नाही त्याचं. मग आता कशासाठी बदलायचं?"

"माझ्यासाठी," दादा म्हणाला. "तेवढ्यासाठी तरी काही करू द्या मला."

संतोष खांबापासून सुटला. मघाचा ताठा त्याच्या अंगातून गेला होता. तो मोठ्या अंगाचा माणूस, पण त्या क्षणी योगिनीला तो शाळेच्या चड्डीतला दिसला. "म्हणजे माझ्यापायी झालं हे सगळं," तो म्हणाला. "दादा, तू बदल. योगिनी, भर त्याचा अर्ज. मी आडवा येत नाही."

मंजुषाने नवऱ्याकडे चमकून पाहिलं.

"तुझी परवानगी मागितली होती कुणी?" दादा म्हणाला आणि मोटरसायकलकडे चालू लागला. चुलीवर वांग्याची भाजी तशीच होती. त्या दुपारी मळ्यात कुणी धड जेवलं नाही.

पुढचे तीन दिवस योगिनीचे फार वाईट गेले. दादा फोन उचलत नव्हता. संतोष दर दोन तासांनी करत होता, आणि शुक्रवारी ज्याला अर्ज लांबवायचा होता तो आता विचारत होता, भरला का, काय अडचण आहे, पैसे मी भरू का. अण्णा जेवत नाहीत, नुसत्या जुड्या बांधतात, असं मंजुषा सांगत होती. आणि सांगताना तिचा सूर असा, की ह्यात आमचा काय दोष. योगिनी स्क्रीनवर दादाचा अर्ज उघडायची. जुनं नाव, नवीन नाव. कर्सर कारणाच्या चौकटीत लुकलुकत राहायचा. ती चौकट बंद करून दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं काम काढायची.

बुधवारी सकाळी दादाचा फोन आला. तो फक्त एवढंच म्हणाला, "नांदगावला जायचंय. येतेस?"

"कधी?"

"आत्ता. मी रजा टाकलीय. संतोषची गाडी बाहेर उभी आहे, अण्णा मागे बसलेत."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. नंतर संतोषने तिला सांगितलं ते असं: सकाळी दादा मळ्यात आला, शेडसमोर उभा राहिला आणि अण्णांना म्हणाला, नांदगावला जायला मला कुणीतरी बरोबर पाहिजे. अण्णांनी हात धुतले, टोपी घातली आणि निघाले. संतोष न विचारता गाडी चालवायला बसला आणि त्याला कुणी उतर म्हटलं नाही.

मनमाड मागे पडलं. नांदगावात शिरल्यावर बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या शिंप्याला विचारलं. विहिरीत गेलेला कोंडाजी म्हटल्यावर त्याला लगेच आठवलं. म्हणाला, त्याची आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण बहीण आहे, झुंबरबाई, सासरहून परत आली ती तिथंच राहते.

पत्र्याचं दोन खोल्यांचं घर होतं. ओट्यावर सत्तरीची एक बारकी बाई शेंगा फोडत बसली होती. चौघांना दारात बघून तिने सूप बाजूला सारलं. "कोन पाहिजे?"

दादाने घसा साफ केला. मग बोलला. "मी भारत. भारत कोंडाजी काकळीज."

झुंबरबाई उठली नाही. तिला उठता आलं नाही. तिने नुसता हात पुढे केला आणि दादा ओट्यापाशी गुडघ्यावर बसला तेव्हा त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून बघत राहिली. शेंगांची माती त्याच्या गालाला लागली. "कितवीपर्यंत शिकलास?" तिने विचारलं.

एवढ्या वर्षांनी भेटून पहिला प्रश्न हा, म्हणून योगिनीला नवल वाटलं.

"दहावी. मग आयटीआय. फिटर आहे मी, आत्या. सातपूरला."

"आई दर जूनला म्हनायची," झुंबरबाई म्हणाली, "आता माझा काकळीज चवथीत गेला. आता पाचवीत गेला. तिला ल्याहायला वाचायला येत नव्हतं, पण हिशेब पक्का. धाव्वीपर्यंत मोजलं तिनं. पुढं म्हनली, पुढचं मला कळत नाय. नापास झाला नसशील ना रे?"

"नाही."

"मग बराबर मोजलं म्हनायचं."

तिने सगळ्यांना पाणी दिलं. अण्णा ओट्याच्या कडेला अंग चोरून बसले होते. संतोष दाराबाहेर, चपलांपाशीच उभा होता. तिचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "हा आत का येईना?"

"माझा धाकटा भाऊ," दादा म्हणाला. "संतोष."

"एक्याऐंशीचा?" झुंबरबाईने डोळे बारीक केले. "ह्याच्यासाठी तर आईनं कुंची शिवून नेली व्हती. हिरव्या खणाची. लोकाच्या बाळंतिणीकडं मागायला जायचं तर हात हालवत कसं जायचं, म्हनली. घातली का न्हाई याला?"

संतोषने अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली. "घातली. सुवर्णानं घातली. बोलत नव्हती माझ्याशी, पण कुंची घातली पोराला."

संतोष आत आला आणि झुंबरबाईच्या पाया पडला. उठताना त्याने तोंड भिंतीकडे केलं ते बराच वेळ.

मग योगिनीने, कुणीतरी बोलायलाच हवं म्हणून, अर्जाचं सांगितलं. आडनाव बदलायचं चाललंय, थेटे लावायचं आहे. सांगताना तिला चोरट्यासारखं झालं. झुंबरबाईने सगळं ऐकलं आणि पुन्हा सूप ओढून घेतलं.

"बदलू द्या की. आईला पाहिजे व्हतं ते तिच्या हयातीत झालं, ती सुखानं गेली. आता आमचं काय हाय त्यात? ज्यानं सांभाळलं त्याचं लाव, बाबा. आम्ही काय वाईट नाय वाटून घ्यायचो."

दादा अण्णांकडे वळला. "तुम्ही सांगा."

"मी एकदा तुला न विचारता ठरवलं," अण्णा म्हणाले. "आता नाय ठरवायचो. तू थेटे लावलंस तर मला गोड वाटंल, हे मात्र खरं हाय. तेवढं सांगून ठेवतो."

दादा हसला, पहिल्यांदाच. शेंग उचलून फोडली, दाणे हातात तसेच ठेवले. योगिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती. चार दिवस ती ज्या उत्तराला भीत होती ते आता कुठलंही आलं तरी चाललं असतं, असं तिला वाटलं.

"राहू दे, योगे," तो म्हणाला. "अर्ज राहू दे. मला एवढंच कळायला हवं होतं की हे आडनाव मला कुणी टाकून दिलं म्हणून नाही आलं. पुढे कधी वाटलं तर भरू. पण आत्ता ते बदललं तर म्हातारीची मोजणी फुकट जाईल."

तेवढ्यात शेजारच्या कुडापलीकडून एका बाईने डोकावून विचारलं, "झुंबरआक्का, कोन पाव्हने आलेत एवढे?"

"आमच्या कोंडाजीचा भारत आलाय!" झुंबरबाईने अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं. "नाशिकहून!"

शेजारीण आली, तिच्यामागून आणखी दोघी आल्या. ओटा भरला. दादाने उभं राहून ओळख करून दिली. ही बहीण योगिनी, हा भाऊ संतोष. मग अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि हे माझे वडील."

शेजारीण गोंधळली. "वडील? आन् कोंडाजी तर..."

"दोन हायेत त्याला," झुंबरबाई शेंगा फोडता फोडता म्हणाली. "तुला काय अडचन हाय?"

कारभारी अण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, आतल्या बाजूने बोटाने उगाच साफ केली. पुन्हा डोक्यावर ठेवायचं त्यांना कितीतरी वेळ सुचलं नाही.